चार जाळ्या

रोव्हानिएमीहून बसने आलं ते,
थर्मोकोलच्या खोक्यात, गरम पाण्याच्या बाटलीला टेकून.
बाहेर उणे एकतीस.
थांब्यापासून घरापर्यंतची चारशे पावलं
मी खोकं कोटाच्या आत धरून चाललो,
पोटुशी बाई चालते तसा, जरा मागे रेलून.

पिशवीत ओंजळभर समुद्र
आणि त्यात कानाच्या पाळीएवढं प्रवाळ,
मिटलेलं, शेवाळी,
रुसून भिंतीकडे तोंड केलेलं.

राइलीनं फोनवर बजावलं होतं:
घाई केलीस तर मरेल.
उशीर केलास तर मरणार नाही,
फक्त तुला कंटाळा येईल.

पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली अर्धा तास.
मग बारीक नळीला गाठ मारून थेंब थेंब पाणी,
सेकंदाला दोन.
गाठ दोनदा सुटली;
बर्फ लोटायच्या गाडीची दांडी धरणारे हात हे,
त्यांना एवढ्या बारीक कामाची सवय कुठली.
स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून
मी तासभर थेंब मोजले.

औषधाच्या तपकिरी पाण्यात बुडवून हलवलं
तेव्हा एक किडा सुटला, पापणीच्या केसाएवढा.
शेजारची केर्तू वाकून बघत होती.
"यानं तिकीट काढलं होतं का?"

आता दिव्याचं.
इव्हालोत डिसेंबर लागला की सूर्य जातो
तो जानेवारीतच तोंड दाखवतो.
भर दुपारी आकाश शाई सांडल्यासारखं.
डॉक्टरनं मला टेबलावर ठेवायला एक दिवा दिलाय,
त्याच्यासमोर रोज अर्धा तास बसायचं, कॉफी पीत.
गावभर माणसं अशी बसलेली असतात.
आणि या एवढ्याशा जिवाला मात्र
उजेडापासून जपायचं.
राइलीकडे ते मोठ्या प्रवाळाच्या सावलीत वाढलं,
एकदम दिव्याखाली ठेवलं तर भाजेल, पांढरं पडेल.

म्हणून मी डासांची जाळी कापली,
चार पदर दिव्याखाली ताणले.
जुलैतल्या तळ्याकाठचा वास अजून तिला,
आणि एक चिरडलेला डास.
आठवड्याला एक पदर काढायचा.

पहिले तीन दिवस काहीच नाही.
चौथ्या दिवशी अंगावर शेंबडासारखी साय धरली.
सहाव्या दिवशी ती वाहून गेली.
आठव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, पहिली जाळी काढली.
नवव्या दिवशी रात्रपाळी करून आलो
तरी तसंच. बंद.

वाटलं, थोडं वर सरकवावं.
थोडं डावीकडे, पंपाचा झोत लागत असेल.
बाही वर केली,
हात कोपरापर्यंत पाण्यात,
बोटं त्याच्यापासून इंचभर.

राइलीला फोन केला नाही.
ती काय म्हणेल ते ठाऊक होतं.
हात बाहेर काढला.
कोपरावरून थेंब फरशीवर पडत राहिले,
सेकंदाला दोन.

मी मूळचा कोत्काचा, समुद्रावरचा.
इकडे येऊन बावीस वर्षं झाली.
पहिला हिवाळाभर डेपोत कुणाशी बोललो नाही.
आस्लाक रोज पहाटे माझ्यापुढे कॉफीचा मग ठेवायचा
आणि काही न विचारता
पात्याचा बर्फ खरवडायला निघून जायचा.
मार्चमध्ये कधीतरी मी विचारलं, साखर आहे का?
आहे, तो म्हणाला.
पहिल्या दिवसापासून आहे.

तिसरी जाळी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी
सूर्य आला म्हणे, टेकडीच्या खांद्यावर,
काही मिनिटंच.
मी झोपलो होतो.
केर्तूनं पांघरूण ओढून उठवलं,
माझी एक किल्ली तिच्या आईकडे असते.
वाटलं, सूर्य दाखवायला नेतेय.
पण ती टाकीपाशी जाऊन उभी राहिली,
नाक काचेला, काचेवर श्वासाचा गोल डाग.
"आठ," ती म्हणाली.
मग बराच वेळ गप्प.
"नाही, नऊ."

हिरवी बोटं, टोकाला किंचित गुलाबी,
आपल्याला न लागणाऱ्या वाऱ्यावर हलत होती.

चौथी जाळी अजून तशीच आहे
दिव्याखाली, त्या डासासकट.
मंगळवारी काढीन.
किंवा त्याच्या पुढच्या.